जीनचं आकाश

एल्डरलो या इंग्लिश खेड्यात जूनच्या दुसऱ्या शनिवारी झरा सजतो. माणसाहून उंच लाकडी फळ्यावर ओल्या चिकणमातीचा थर द्यायचा, त्यावर चित्र उतरवायचं, पाकळ्या, पानं, बिया, शेवाळ दाबून ते भरायचं आणि फळा झऱ्याच्या दगडी कुंडामागे उभा करायचा. आठवडाभर टिकतो. मग माती तडकते, पाकळ्या तपकिरी पडतात आणि ग्रॅटनच्या शेतावरचा ट्रॅक्टर येऊन फळा घेऊन जातो. एवढ्या मेहनतीला एवढंच आयुष्य, असं बाहेरची माणसं म्हणतात. गावात तसं कोणी म्हणत नाही. एका दुष्काळात आजूबाजूचं सगळं पाणी आटलं आणि हा झरा वाहत राहिला, त्याचे आभार मानायचे असतात. तो दुष्काळ कोणत्या शतकातला, यावर 'नांगर' पबात अजून वाद होतो. आभारांबद्दल वाद नाही.

गेली कित्येक वर्षं फळ्याचं चित्र जीन हीथकोट काढायची. या फेब्रुवारीत ती गेली. जाण्याआधी जानेवारीभर अंथरुणात पडून तिनं यंदाचं चित्र कागदावर पुरं केलं होतं. खाली गवत, दगडी बांध, बांधाच्या फटीत अडकलेलं मेंढरू आणि त्याच्यावर वाकलेला मेंढपाळ. मागे टेकडीची एक रेघ. तिच्यावर फळ्याचा अर्ध्याहून अधिक भाग नुसतं आकाश. एवढं मोठं आकाश तिनं आधी कधी काढलं नव्हतं.

तिचा नवरा क्लाइव्ह रंगारी. त्याचा हात लागला नाही असं दार गावात सापडायचं नाही. पाकळीला मात्र तो कधी लागला नव्हता. जूनमधल्या त्या दिवसांत तो, जिथं फळा तयार होतो त्या ग्रॅटनच्या शेडच्या दारापर्यंत यायचा, जीनचं जेवण तिच्या हातात द्यायचा आणि परत कामावर जायचा. जीनच्या दफनानंतरच्या चहाला तो पाद्रीणबाई हिलरींना म्हणाला, "फळा मी करतो. शनिवारी तिचं चित्र उभं राहिलं पाहिजे, आणि आठवडाभर राहिलं पाहिजे. मला बाकी काही नको."

"बरं," पाद्रीणबाई म्हणाल्या. त्याला नको म्हणणं कोणालाच शक्य नव्हतं.

फळा आधी गिरणीच्या तळ्यात भिजत पडला होता. सोमवारी माती तुडवली. मंगळवारी मार्जरी ट्विगच्या देखरेखीखाली कागदावरच्या रेघा मातीवर टोचून उतरवल्या आणि त्यांवर ओढ्याकाठच्या झाडांची काळी बोंडं बसवली. मार्जरी ऐंशी पार केलेली, बोटं वाकडी, नजर शाबूत. बुधवारपासून पाकळ्या.

बुधवारी सकाळी मार्जरी आणि शेडची मालकीण ऑड्री ग्रॅटन आत आल्या, तेव्हा क्लाइव्ह कधीचाच कामाला लागला होता. फळा लाकडी घोड्यांवर आडवा, शेजारी निळ्या हायड्रेंजियाच्या पाकळ्यांचं घमेलं. आकाशाची वरची पट्टी भरून झाली होती. वरच्या कडेपासून खाली, ओळीमागून ओळ, एकसारखी. रंगारी भिंत वरून धरतो, ओघळ आला तर न रंगवलेल्या भागावर यावा म्हणून. त्याचा हात आपोआप वर गेला होता.

पाकळ्या खालून वर लावायच्या असतात. खालची ओळ आधी, तिच्या कडेवर चढलेली वरची, म्हणजे पाऊस कौलांवरून जावा तसा निथळून जातो. उलट केलं तर प्रत्येक पाकळीची वरची कड उघडी राहते, पाणी आत शिरतं, माती फुगते आणि सगळं चित्र पांघरूण सरकावं तसं खाली येतं. हे आमच्याकडे शाळेत न जाणाऱ्या पोरालाही माहीत असतं. इतकं माहीत असतं, की कोणी कोणाला सांगत नाही.

मार्जरीनं फळ्याभोवती एक फेरी मारली.

"छान निळा आहे," ती म्हणाली.

"नर्सरीतला सगळा उचलून आणला," क्लाइव्ह मान वर न करता म्हणाला.

ऑड्रीनं तिला किटलीपाशी ओढलं. "तू सांग त्याला."

"मी का? तुझं त्याच्याकडे जाणं-येणं जास्त."

"जाणं-येणं आहे म्हणूनच तर."

"मग चहा दे आधी. चहाबरोबर सांग."

ऑड्रीनं चहा नेला, केकचा तुकडा नेला. शेजारी उभी राहिली. "माझी आजी बघ, क्लाइव्ह, नेहमी गवतापासून सुरुवात करायची."

"गवत सोपं असतं."

"हो, सोपं तर असतंच."

"सोपं शेवटाला ठेवावं. अवघड आधी उरकावं." त्यानं चहाचा घोट घेतला. "आजीला कंटाळा येत असेल मागाहून."

"येत असेल," ऑड्री म्हणाली आणि परत आली.

दुपारी पाद्रीणबाई डोकावल्या. गावात त्यांना चारच वर्षं झाली होती, पण पाकळ्या कुठून लावतात हे त्यांना ठाऊक होतं. गावात कशाबद्दल बोलत नाहीत, हे त्याहून आधी कळलं होतं. त्यांनी फळा पाहिला, मार्जरीकडे पाहिलं. मार्जरी खिडकीबाहेर बघू लागली.

"शनिवारी पाऊस सांगितलाय," पाद्रीणबाई म्हणाल्या. "चांगला जोराचा."

"शनिवारी पाऊसच असतो, बाई."

"म्हणजे पाण्याचा विचार करायला हवा, असं आपलं मला वाटलं."

"छत्र्या आहेत की सगळ्यांकडे," क्लाइव्ह म्हणाला.

संध्याकाळी 'नांगर'मध्ये हा विषय निघाला तेव्हा टेबलावर सगळ्यांना सगळं स्पष्ट दिसत होतं.

"कळेलच त्याला."

"कधी? चिखल बुटांवर पडल्यावर?"

"हळूच सांगायला हवं," पाद्रीणबाई म्हणाल्या.

"दिवसभर हळूच सांगत होतो," ऑड्री म्हणाली. "आणखी हळू सांगितलं तर मलाच ऐकू येणार नाही."

मार्जरीनं शेरीचा ग्लास खाली ठेवला. "बायको जाऊन चार महिने झाले नाहीत. तिचं शेवटचं चित्र हातात घेऊन बसलाय. त्याला मी जाऊन म्हणू, की तू तिचं चित्र बिघडवतोयस? माझ्यानं नाही व्हायचं."

ते कोणाच्यानंच होणार नव्हतं. ओट्सची धिरडी आली, ती खाऊन सगळे घरी गेले.

गुरुवारी दुपारपर्यंत आकाश टेकडीला येऊन टेकलं. वाईट म्हणजे ते सुंदर दिसत होतं. क्लाइव्हच्या ओळी दोरी धरल्यासारख्या. तो मागे सरकून एक डोळा मिटून पाहत होता, तेवढ्यात दारातून फ्रीडा बॅगशॉ आत आली. हातात ऑड्रीचे अंड्यांचे रिकामे खोके.

फ्रीडा या शेडमध्ये बऱ्याच वर्षांनी पाऊल टाकत होती. पूर्वी जीनच्या शेजारची खुर्ची तिची असायची. मग एका वर्षी तिनं चित्रातल्या मेंढीला खरी लोकर लावायची म्हटलं. जीन म्हणाली, जमिनीतून उगवतं तेच लावायचं. लोकर उगवतेच की, फ्रीडा म्हणाली. मेंढीवर. मेंढी म्हणजे जमीन नव्हे, जीन म्हणाली. त्यावर फ्रीडानं एप्रन काढून खुंटीला लावला तो लावलाच. दोघी रोज दुकानात भेटायच्या, हवेबद्दल बोलायच्या. जीनच्या दफनाला फ्रीडा शेवटच्या बाकावर बसली होती आणि सर्वांत शेवटी उठली होती.

तिनं खोके ठेवले, फळ्याजवळ गेली, चष्मा वर केला.

"हे कोणी केलं?"

"मी," क्लाइव्ह म्हणाला.

"उलटं केलंयस."

ऑड्री उकळणारी किटली उतरवायला धावली.

"उलटं म्हणजे?"

"वरून खाली आलास. कौलं कुठून चढवतात, आढ्यापासून का वळचणीपासून?"

"वळचणीपासून."

"मग?"

क्लाइव्हनं फळ्याकडे पाहिलं. मग मार्जरीकडे, ऑड्रीकडे. "तुम्हाला दिसलं होतं."

"आम्हाला वाटलं, जीननंच तसं काही सांगून ठेवलं असेल," मार्जरी म्हणाली.

"जीननं?"

मार्जरीनं वाकडी बोटं एकमेकांत अडकवली. "नाही. तसं नाही वाटलं. सांगणं बरं दिसेना."

"दोन दिवस?"

"दीडच झाला," ऑड्री म्हणाली.

"दीड दिवस केक चारलात त्याला," फ्रीडा म्हणाली, "आणि एकीच्या तोंडून शब्द फुटला नाही. शाबास."

क्लाइव्हनं थंड पाण्याचा जग आणला. ऑड्रीच्या मदतीनं फळ्याचं वरचं टोक उचलून ठोकळ्यावर टेकवलं आणि कोपऱ्यात पाणी ओतलं. थोडा वेळ काही झालं नाही. मग पाकळ्यांच्या कडा वर आल्या, खालची माती चमकली, आणि तळहाताएवढं निळं एकदम घसरून टेकडीवर येऊन बसलं.

तो आपल्या गाडीपाशी गेला, जुना रंग खरवडायची पत्र्याची पट्टी घेऊन आला आणि वरच्या कडेपासून सुरुवात केली.

"अरे थांब," ऑड्री म्हणाली. "सगळं नको काढू. वर मेणकापड बांधू."

"झाकलेलं चित्र कोण बघणार?" तो म्हणाला. "नीट न बसलेला रंग खरवडायचाच असतो. त्यावर दुसरा हात देणारे असतात, मी नाही."

चेंदलेल्या पाकळ्यांचा ढीग जमिनीवर जमला. त्यातली एकही पुन्हा वापरण्याजोगी नव्हती. नर्सरीतून आणलेल्या कुंड्यांत आता नुसते देठ होते. गावातल्या हायड्रेंजियांना अजून हिरव्या कळ्याच होत्या. आमच्या उंचीवर त्या जुलैशिवाय उमलत नाहीत.

"माझ्या बागेत थोडी निळी फुलं आहेत," फ्रीडा म्हणाली. "त्यात मेंढपाळाचा सदरा होईल. आकाश नाही व्हायचं."

"टेकडी वर घेऊ," मार्जरी म्हणाली. "हिरवं हवं तेवढं आहे. आकाश वीतभर ठेवलं तरी पुरे."

"चित्र तिचं आहे. टेकडी आहे तिथंच राहील." तो उघड्या मातीकडे बघत होता. तिच्यावर पाकळ्यांचे ठसे उमटले होते. "निळं करायचं, हे कोणी ठरवलं?"

"ठरवायचं काय त्यात? आकाश निळंच असतं," मार्जरी म्हणाली.

"कुठं?"

शेडचं दार उघडं होतं. बाहेर ग्रॅटनच्या कुरणावर खाली आलेले ढग होते. सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

"तिनं हे जानेवारीत काढलं," क्लाइव्ह म्हणाला. "आमच्या वरच्या खोलीची खिडकी उंच आहे. पडल्या पडल्या बाहेरचं झाडसुद्धा दिसत नाही. मी रोज विचारायचो, पलंग वळवू का. ती नको म्हणायची. म्हणायची, असू दे, हे रोज वेगळं असतं." त्यानं पट्टी फडक्याला पुसली. "जानेवारीभर मी त्या खिडकीत निळं पाहिलं नाही. निळं माझ्याच डोक्यात होतं. तिनं रंग सांगितलाच नव्हता आणि मी विचारलं नव्हतं."

"मग काय, करडं?" फ्रीडानं विचारलं.

"करडे," तो म्हणाला. "एका करड्यात आकाश होत नाही."

शुक्रवारी सकाळी गाव करडं शोधायला बाहेर पडलं. क्लाइव्हनं प्रत्येकाला काय हवं ते सांगितलं होतं, आणि रंगाच्या बाबतीत त्याचं बोलणं हळूच नव्हतं. रासबेरीची पानं, पण वापरायची त्यांची पाठ, ती रुपेरी असते. कोकराच्या कानासारखी मऊ लव असलेली बागेतली पानं. गेल्या वर्षीच्या वाळक्या शेंगांमधले चांदीसारखे पापुद्रे. लव्हेंडरची फुलाआधीची देठं. बांधावरचं दगडफूल, तेही दोन जातींचं, एक राखेच्या रंगाचं आणि एक हिरवटकडे झुकणारं. ऊन येऊ पाहतंय तेवढ्या एका जागेसाठी काटेरी कुंपणावरची पांढरी फुलं, किंचित शिळी, कारण ताजी फार पांढरी.

दगडफूल कमी पडलं. मार्जरी म्हणाली, कबरींवर भरपूर आहे.

"कबरींना हात लावायचा नाही," पाद्रीणबाई म्हणाल्या. "भिंतीवरचं घ्या."

"माझ्या सासूच्या दगडावर जाड थर आहे. बाई जन्मात कोणाच्या उपयोगी पडली नाही, तिला संधी तरी द्या."

"मार्जरी."

"बरं, भिंत."

माफी मागायची आमची एक रीत आहे. तीत तो शब्द येत नाही. ऑड्रीनं स्वयंपाकघरातली गादीची खुर्ची शेडमध्ये आणून क्लाइव्हच्या पाठीमागे ठेवली आणि निघून गेली. पबच्या मालकानं भर दुपारी पबला कुलूप लावलं, जे त्यानं राणीच्या अंत्ययात्रेच्या दिवशीही केलं नव्हतं, आणि येऊन गवतात शेवाळ दाबत बसला. दुधवाला, पोस्टातली बाई, वरच्या घरातलं ते नवं जोडपं, ज्यांनी आपल्या फाटकाचा रंग क्लाइव्हकडून न घेता दुकानातून आणला होता, सगळे आले. जाताना प्रत्येकानं एवढंच म्हटलं, की पाऊस थोडा उशिरा आला तर बरं. या गावाबद्दल मला जे काही चांगलं म्हणायचं आहे, ते त्या दिवशी त्या शेडमध्ये होतं.

मार्जरीनं क्लाइव्हला टेकडीपाशी बसवलं आणि पहिली ओळ स्वतः लावून दाखवली. दुसरी त्याच्याकडून लावून घेतली. फ्रीडा कोणाला न विचारता फळ्याच्या दुसऱ्या बाजूला खुर्ची ओढून बसली. तिला आता सगळेच घाबरून होते आणि सगळ्यांनाच ती हवी होती.

"ते पान सरळ बसलंय. पाठ वर हवी."

क्लाइव्हनं उलटलं.

"हात गरम आहेत तुझे. पान मरतं त्यानं. थंड पाण्यात बुडव."

त्यानं बुडवले.

"हा पट्टा फार गडद झाला."

"तो तसाच हवा," क्लाइव्ह म्हणाला. "तिकडून हिमवर्षाव यायचा आहे."

फ्रीडानं त्या पट्ट्याकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली आणि पुढची ओळ धरली.

त्यानं पानं रंगाच्या ट्रेमध्ये छटेप्रमाणे लावून ठेवली होती. गडदाकडून फिक्याकडे जाताना तो दोन छटांची पानं एकाआड एक टाकायचा, त्यामुळे जोड कुठं आहे ते कळत नव्हतं. मार्जरीनं आयुष्यभर पाकळ्या लावल्या होत्या, पण हे तिनं केलेलं नव्हतं. "जीनला हे जमलं नसतं," ती म्हणाली. मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन ट्रेमधली पानं निवडायला लागली.

"नसतं जमलं," क्लाइव्ह म्हणाला. "ती रंग मिसळायला मलाच सांगायची. घरातल्या भिंतींचे."

शेवटची ओळ वरच्या कडेवर चढली तेव्हा बाहेर अजून उजेड होता.

शनिवारी सकाळी ग्रॅटनच्या ट्रॅक्टरवरून फळा झऱ्यापाशी आला. सहा-सात जणांनी दोर धरून तो कुंडामागे उभा केला. उभा होताना फळा एकदा कुरकुरला, पण माती जागेवरून हलली नाही. पाद्रीणबाईंनी प्रार्थना सुरू केली आणि सांगितल्यासारखा पाऊस आला. गावच्या बँडनं दोन कडवी वाजवली, मग पितळेत पाणी साचायला लागलं तसे ते चर्चच्या पडवीत पळाले. गाव छत्र्या उघडून तिथंच उभं राहिलं.

छत्र्यांवर पडणाऱ्या पावसात ते आकाश पाहताना एक गोष्ट घडली, ती नोंदवून ठेवण्यासारखी आहे. फळ्यावरच्या टेकडीमागे एल्डरलोची खरी टेकडी होती आणि तिच्यावर खरे ढग. कुठं फळा संपतो आणि कुठं आभाळ सुरू होतं, हे काही क्षण सांगता येत नव्हतं. ओल्या पानांचा रुपेरी रंग उजळला होता. मेंढपाळाच्या सदऱ्यात फ्रीडाच्या बागेतलं निळं होतं. चित्रभर निळं तेवढंच, आणि नजर नेमकी त्याच्यावर, त्याच्या हाताखालच्या मेंढरावर जात होती.

क्लाइव्ह चित्राकडे बघतच नव्हता. तो फळ्याच्या खालच्या कडेशी वाकला होता. वरचं पाणी पानापानावरून उतरत, बांधावरून, गवतावरून येऊन तिथं थेंबाथेंबानं गळत होतं. माती सुटायला लागली की हे पाणी आधी गढूळ होतं. त्यानं ओंजळ धरली, भरू दिली आणि चेहऱ्याजवळ आणली. ओतून टाकली. पुन्हा दुसऱ्या टोकाला जाऊन धरली.

पाद्रीणबाईंनी आशीर्वाद पुरा केला. गावच्या सभागृहात चहा मांडला होता, पण कोणी हललं नाही. सगळे त्याच्या ओंजळीकडे बघत होते आणि विचारायचं कोणी, हा प्रश्न पुन्हा उभा होता. मार्जरीनं फ्रीडाला कोपरानं ढोसलं.

"काय रे?" फ्रीडानं विचारलं. "गढूळ आहे का?"

क्लाइव्हनं ओंजळ तिच्यापुढे धरली. त्याच्या तळहाताच्या रेघा तळाशी स्पष्ट दिसत होत्या.

"स्वच्छ आहे," तो म्हणाला.

"मग उठ. गुडघे धरतील."

"तुम्ही व्हा पुढं. मी जरा बसतो इथं."

छत्र्या एकेक करून सभागृहाकडे निघाल्या. फ्रीडानं आपली उघडी छत्री कुंडाच्या कडेला त्याच्यावर तिरकी टेकवून ठेवली आणि डोक्यावर स्कार्फ ओढून बाकीच्यांमागे गेली.